ड्रम फिरतोय, पण हवा गरम नाही

आमचा ड्रायर तसा बंद पडला नव्हता, हे आधी सांगते. बटण दाबलं की सुरू व्हायचा, ड्रम फिरायचा, पंख्याचा आवाज यायचा, टायमर आपल्या गतीने शून्याकडे सरकायचा. फक्त कपडे आत जेवढे ओले गेले तेवढेच ओले बाहेर यायचे.

आणि हे झालं ऐन जुलैत. राधानगरी-गगनबावड्याकडे पावसाने जोर धरला की कोल्हापुरात प्रत्येकाच्या तोंडी पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी असते. ३९ फुटांना इशारा, ४३ फुटांना धोका. मंगळवार पेठेतल्या आमच्या घरापर्यंत पुराचं पाणी येत नाही, पण ओल येते. भिंतींना, कपाटाला, पुस्तकांना येते आणि दोरीवरचे कपडे तर तीन-तीन दिवस वाळत नाहीत. सासूबाई अंथरुणावर आहेत. त्यांच्या चादरी, दुपटी, गाऊन रोज धुवावे लागतात आणि ते पूर्ण कोरडे असावे लागतात, कारण पाठीला दमट कापड लागून राहिलं की कातडी सोलवटते आणि मग ती जखम लवकर भरत नाही. ड्रायर आमच्याकडे हौसेखातर आलेला नाही.

कंपनीच्या सेवाकेंद्राला फोन केला. लक्षणं ऐकून घेतली आणि तिकडून लगेच सांगितलं, हीटर गेला, पूर्ण असेंब्ली बदलावी लागेल, माल बाहेरून मागवावा लागेल, वेळ लागेल. मशीन न बघता, मीटर न लावता हे ठरलं कसं, याचं उत्तर मिळालं नाही. मला ते पटलं नाही. मी मामांना बोलावलं.

मामा म्हणजे आमच्या घराचं वायरिंग ज्यांनी केलं ते वायरमन. शिवाजी उद्यमनगरात मोटर रिवाइंडिंगच्या, म्हणजे जळालेल्या मोटरींची तार नव्याने गुंडाळून देणाऱ्या दुकानात त्यांचं निम्मं आयुष्य गेलंय. त्यांनी आल्या आल्या स्क्रूड्रायव्हर काढला नाही.

"ताई, मशिन लावा आदी. उघडायचं मागनं."

त्यांनी पिशवीतून टाँग टेस्टर काढला. हा चिमट्यासारखा तोंड उघडणारा मीटर असतो, वायरीभोवती अडकवला की तिच्यातून किती करंट जातोय ते दाखवतो. पण मशीनच्या अख्ख्या केबलभोवती अडकवला तर शून्य दाखवतो, कारण फेजमधून जाणारा आणि न्यूट्रलमधून परत येणारा करंट एकमेकांना मारून टाकतात. म्हणून मामांनी मेन स्विच बंद करून बोर्डाचं झाकण उघडलं, आतली एकटी फेजची वायर चिमट्यात घेतली आणि मग सप्लाय चालू केला. आकडा आला सव्वा अँपिअरच्या आसपास.

"हीटर करंटच खात न्हाई बघा. मोटर तेवढी खातीया."

या एका आकड्याने अर्धी शोधाशोध संपली. मोटर फिरतेय म्हणजे सप्लाय आत पोचतोय, दाराचा स्विच लागतोय, टायमर मोटरला वीज देतोय. दाराचा स्विच खराब असता तर ड्रम हललाच नसता. मोटरला सुरुवातीचा धक्का देणारा कपॅसिटर कमजोर असता तर मोटर नुसती गुणगुणत राहिली असती. बेल्ट तुटला असता तर मोटरचा आवाज आला असता पण ड्रम जागेवर राहिला असता. यातलं काहीच नव्हतं. बिघाड फक्त हीटरच्या रस्त्यावर होता, आणि त्या रस्त्यावर मोजकीच ठाणी असतात: टायमरमधला हीटरचा कॉन्टॅक्ट, थर्मोस्टॅट (जास्त तापलं की हीटर तोडणारा स्विच), थर्मल फ्यूज आणि शेवटी हीटर. सगळी एकामागून एक जोडलेली. एक कुठलंही तुटलं तरी हवा गार.

मशीन उघडण्याआधी त्यांनी प्लग बघितला, आणि तिथे एक वेगळंच दुखणं सापडलं. मोठ्या थ्री-पिनच्या फेजच्या पिनभोवतीचं प्लॅस्टिक तपकिरी झालं होतं. सॉकेटमध्ये पिन सैल बसत होती. दोन हजार वॅटचा हीटर २३० व्होल्टला पावणेनऊ अँपिअरच्या आसपास करंट घेतो. अशा ठिकाणी सांध्यात अर्धा ओहम जरी अडथळा निर्माण झाला तरी तेवढ्या एका बिंदूवर ३५-४० वॅट उष्णता तयार होते, म्हणजे प्लगच्या आत सोल्डरिंगची इस्त्री चालू ठेवल्यासारखंच. सॉकेट १६ अँपिअरचं होतं, वायरही जाड होती, म्हणून प्रकरण तपकिरी होण्यावर थांबलं. काही घरांत असं मशीन छोट्या ६ अँपिअरच्या सॉकेटला कन्व्हर्टर लावून चालवतात, ते मी स्वतः बघितलंय, आणि ते बघून माझा जीव वरखाली होतो.

मामांनी सॉकेट आणि प्लग दोन्ही बदलले. आत वायरीच्या तारा नुसत्या गुंडाळून स्क्रूखाली दाबल्या नाहीत, टोकांना थिंबल, म्हणजे धातूची टोपी, लावून आवळल्या. मग मीटरने व्होल्टेज बघितलं, २२५. त्याच सॉकेटला इस्त्री लावून पुन्हा बघितलं, तीन-चार व्होल्टच उतरलं. हे लोड लावून बघणं महत्त्वाचं. टेस्टरचा दिवा लागला म्हणजे वीज ठीक, असं आपण धरून चालतो. पण टेस्टर फक्त फेज आहे एवढंच सांगतो. न्यूट्रल सुटलेला असला तरी तो तसाच लागतो. रिकाम्या सॉकेटवर मीटर पूर्ण व्होल्टेज दाखवतो आणि लोड आलं की सैल सांधा उघडा पडतो.

हवा मात्र अजून गारच होती. प्लगचं दुखणं खरं होतं, पण ते या लक्षणाचं कारण नव्हतं.

मशीन उघडताना प्लग सॉकेटमधून बाहेर काढायचा, नुसता स्विच बंद करून भागत नाही. आमच्यासारख्या जुन्या घरांत कधी कुणी स्विच न्यूट्रलवर घेऊन ठेवला असेल सांगता येत नाही. तसं असेल तर स्विच बंद करूनही आत फेज जिवंत राहतो. मागचं पत्र्याचं झाकण निघालं, मामांनी कपॅसिटरमध्ये साठून राहिलेली वीज त्याच्या टोकांना रेझिस्टर लावून रिकामी केली, आणि मला म्हणाले, "फोटू काढा ताई, सगळ्या वायरींचा. रंग दिसू देत." एकही वायर सोडण्याआधी सगळ्या बाजूंनी फोटो काढले. जोडताना ते फार उपयोगी पडले.

मग मीटरचं काम. मामांनी मीटर माझ्या हातात दिला आणि स्वतः वायरी सोडत गेले. प्रत्येक वस्तूची किमान एक वायर सुटी करायची, नाहीतर मीटर दुसऱ्याच वाटेने फिरून येतो आणि खोटा आकडा दाखवतो. आधी हीटर. आमच्या मशीनमधला हीटर उघड्या कॉइलचा नाही, धातूच्या नळीचा आहे. दोन्ही टोकांना मीटर लावला, २६.८ ओहम. २३०चा वर्ग करून २००० ने भागलं तर साडेसव्वीस येतात. म्हणजे हीटर शाबूत! ज्या हीटरसाठी आम्हाला थांबायला आणि पैसे मोजायला सांगितलं होतं, तो ठणठणीत होता. मला तेव्हा आनंद झाला आणि रागही आला. मीटर लावायला एक मिनिट लागतं.

मग मीटर आवाजाच्या खुणेवर घेतला, रस्ता सलग असला की तो वाजतो. थर्मोस्टॅट वाजला. टायमरचा कॉन्टॅक्ट गरम हवेच्या खुणेवर ठेवून बघितला, तोही वाजला. राहिला थर्मल फ्यूज, हीटरच्या पत्र्यावरच बसवलेला, बोटाच्या पेरापेक्षाही लहान. त्याच्या दोन टोकांना मीटर लावला आणि मीटर गप्प. पुन्हा लावला, टोकं घासून लावला. गप्पच.

हा फ्यूज करंट जास्त झाल्यावर उडणारा नसतो, तापमान जास्त झाल्यावर उडतो. आत ठरावीक तापमानाला वितळणारी गोळी असते. ती वितळली की स्प्रिंग सुटते आणि कॉन्टॅक्ट कायमचा उघडतो. थर्मोस्टॅट गार झाला की परत जोडला जातो, हा जोडला जात नाही. एकदाच काम करतो, आणि ते काम म्हणजे घराला आग लागू न देणं.

सुट्या भागांच्या दुकानात गेलो तेव्हा काउंटरवरच्या माणसाने सहज सुचवलं, "तेवढं डायरेक्ट करून टाका की. वायर जोडली की झालं." मामा एरवी शांत माणूस. तिथे त्यांचा आवाज चढला.

"डायरेक्ट केलंसा की पेटलं म्हणा. घरात म्हातारं माणूस हाय झोपून."

दुकानात त्याच आकाराचा राइस कुकरचा फ्यूज होता. अँपिअर तेवढेच, व्होल्ट तेवढेच, पण अंगावर छापलेलं तापमान बरंच जास्त. तो बसला असता, मशीन चाललंही असतं, पण हवा नको तेवढी तापली तरी तो गप्प राहिला असता. या फ्यूजच्या अंगावर छापलेला सेल्सियसचा आकडा हीच त्याची खरी ओळख, तो जुळलाच पाहिजे. शेवटी शाहूपुरीतल्या एका दुकानात जुळता मिळाला. किंमत विचाराल तर आमच्या घरी एका वेळच्या चहाला येतो तेवढाच खर्च.

मी म्हटलं चला, बसवूया. मामा हलेनात.

"ह्यो का उडला ते सांगा आदी. त्याशिवाय नवा घालायचा न्हाई."

मला हा प्रसंग सगळ्यात जास्त शिकवून गेला, म्हणून त्यावर थोडं थांबते. हीटरची उष्णता पंखा सतत ओढून ड्रममध्ये नेतो, कपड्यांचं पाणी घेऊन ती हवा मागच्या पाइपातून बाहेर जाते. हवा वाहत राहिली तर हीटर आपल्या मर्यादेत राहतो. वाट अडली की उष्णता हीटरपाशीच साठते. तेव्हा थर्मोस्टॅट मधूनमधून तोडून सांभाळून घेतो, कपडे वाळायला उशीर होतो, आपण टायमर वाढवतो, आणि एक दिवस फ्यूज जातो. आमच्याकडेही जूनच्या शेवटापासून कपड्यांना जास्त वेळ लागत होता. आम्हाला वाटलं, हवाच दमट आहे.

लिंट फिल्टर, म्हणजे दारातली ती जाळी, दर वेळी साफ होत होती. तिच्या पुढचं कोण बघतं? मामांनी मागचा घडीचा पाइप काढला. मशीन भिंतीला टेकून असल्यामुळे तो वळणावर चेपला होता आणि त्या चेपलेल्या जागी लव साचून घट्ट बोळा झाला होता, करड्या रंगाचा, ओलसर, हाताला लोकरीसारखा. पंख्याच्या घरातही तसाच थर. पण खरं कारण त्याच्याही पुढे होतं. पाइपाचं तोंड गॅलरीत निघतं, आणि पावसाळ्याआधी गॅलरीला झड येऊ नये म्हणून प्लॅस्टिकचा कागद बांधला जातो. त्या वर्षी बांधणाऱ्या माणसाने तो ताणून, खालपर्यंत, पाइपाच्या तोंडावरूनच नेला होता. वारा आला की कागद तोंडाला चिकटायचा. ड्रायरची गरम दमट हवा बाहेर जायला जागाच नव्हती.

कागद कापून पाइपाचं तोंड मोकळं केलं, पाइप बदलला, पंख्याचं घर ब्रश आणि व्हॅक्यूम क्लीनरने स्वच्छ केलं. मग नवा फ्यूज बसला. त्याला डाग द्यायचा नसतो, सोल्डरिंगच्या उष्णतेनेच तो उडू शकतो. टोकं क्रिम्प करूनच, म्हणजे धातूच्या नळीत दाबून, जोडायची असतात.

मशीन लावलं, टायमर फिरवला, आणि खट्. घरातले दिवे गेले.

एमसीबी पडला नव्हता, आरसीसीबी पडला होता. हा फरक ओळखता आला की निम्मी भीती जाते. एमसीबी लोड जास्त झालं किंवा शॉर्ट झालं की पडतो. आरसीसीबी फेजने गेलेला करंट न्यूट्रलने तेवढाच परत आला का, हे बघत असतो. घरात बसवतात तो साधारणपणे ३० मिलिअँपिअरचा असतो, तेवढी तफावत दिसायच्या आत वीज तोडतो. तो पडला म्हणजे कुठूनतरी वीज मशीनच्या पत्र्याकडे आणि तिथून अर्थिंगकडे गळतेय.

माझा पहिला प्रश्न होता, मग इतके दिवस का पडला नाही? मामांनी बोटाने वायरीचा रस्ता दाखवला. थर्मल फ्यूज फेजच्या बाजूला आहे. तो उडालेला असताना हीटरपर्यंत फेज पोचतच नव्हता, फक्त न्यूट्रल जोडलेला होता. नवा फ्यूज बसला, फेज हीटरवर आला आणि आधीपासून असलेली गळती उघडी पडली. हे उत्तर ऐकून मला एखादं गणित सुटल्यासारखं बरं वाटलं.

गळती हीटरमध्येच होती. या नळीच्या हीटरमध्ये कॉइल आणि बाहेरची नळी यांच्यामध्ये मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड ठासलेली असते. ती उष्णता जाऊ देते आणि वीज अडवते. पण ती हवेतली ओल शोषून घेते. हीटर रोज तापत असेल तर ओल टिकत नाही. आमचा हीटर ऐन पावसाळ्यात गार पडून होता आणि नळीच्या टोकाचं सील जुनं झालेलं. पूड ओलावली होती.

हे साध्या मीटरने नीट कळत नाही, कारण त्याची बॅटरी फार कमी व्होल्टची. मामा हीटर काढून उद्यमनगरात घेऊन गेले, मीही बरोबर गेले. जुन्या ओळखीच्या रिवाइंडिंगच्या दुकानात हाताने फिरवायचा मेगर होता. तो ५०० व्होल्ट तयार करतो आणि इन्सुलेशन किती मेगाओहम आहे ते दाखवतो. एक टोक हीटरच्या पिनला, दुसरं नळीच्या धातूला. मामांनी दांडा फिरवला, काटा अनंताच्या खुणेकडून उठून जवळजवळ शून्यावर येऊन बसला. किमान एक मेगाओहम तरी हवा असतो.

इथे नवा हीटर घ्यावा असं कुणालाही वाटलं असतं. पण तिथे वार्निश मारलेल्या मोटरींची वाइंडिंग भाजून सुकवायची भट्टी होती. दुकानातल्या पोराने आमचा हीटर वाइंडिंगांच्या रांगेत ठेवला आणि म्हणाला, "उद्या या." दुसऱ्या दिवशी तो गार झाल्यावर पुन्हा मेगर लावला. दांडा फिरत राहिला, काटा शंभर मेगाओहमच्या पलीकडे जाऊन हलेना. टोकांना उष्णता सोसणारं सिलिकॉन सीलंट लावून घेतलं. पोराने पैसे घेतले नाहीत, मामांच्या शब्दावर काम होतं.

आरसीसीबी पडतोय म्हणून अर्थिंगची पिन काढून टाकणारे, किंवा आरसीसीबीच काढायला सांगणारे लोक आपल्याकडे कमी नाहीत. अर्थिंग काढलं असतं तर आरसीसीबी पडला नसता, मशीन चाललं असतं, कपडे वाळले असते आणि मशीनच्या पत्र्यावर वीज उभी राहिली असती. ओल्या फरशीवर अनवाणी उभं राहून त्या मशीनचं दार मी उघडते. यापेक्षा जास्त मला काही बोलायची गरज वाटत नाही. हेच कारण धरून मामांनी आमचं अर्थिंगही त्याच वेळी तपासलं. खड्डा जुना, मीठ-कोळशाचा, पण पट्टीचा नटबोल्ट गंजलेला होता. घासून नवा बोल्ट घातला.

हीटर बसवला, फोटो बघून वायरी जोडल्या, झाकण लावायच्या आत पुन्हा टाँग टेस्टर फेजच्या वायरीला. या वेळी नऊच्या थोडा वर. दहा मिनिटांनी गॅलरीत जाऊन पाइपाच्या तोंडाशी हात धरला, भरपूर हवा, दमट आणि गरम. अर्ध्या तासाने प्लगला हात लावला, जेमतेम कोमट. थर्मोस्टॅट मधूनमधून तोडत होता, आकडा नवावरून सव्वावर यायचा आणि परत चढायचा. तो तसाच चढायला-उतरायला हवा.

त्या दिवसापासून चादरी तासाभरात वाळतात. आठवड्यातून एकदा मी प्लगला हात लावून बघते आणि महिन्यातून एकदा आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबते. मशीन आठवडाभर वापरलं नाही तरी पावसाळ्यात मधे एकदा रिकामंच दहा मिनिटं चालवते, म्हणजे हीटरमध्ये ओल बसत नाही.

पाइपाचं वळण मात्र अजून तसंच आहे. मशीन भिंतीपासून वीतभर पुढे ओढून तात्पुरतं भागवलंय. दिवाळीनंतर भिंती वाळल्या की गवंड्याला बोलावून थेट मागच्या भिंतीतून चार इंची भोक पाडून घ्यायचं आहे, म्हणजे पाइप सरळ बाहेर निघेल आणि गॅलरीच्या कागदाशी त्याचा संबंधच उरणार नाही. मामांनी भिंतीवर खडूने खूण करून ठेवली आहे.